निबंध लिहायच्या आधी वाचकाचे प्रश्न कसे काढायचे? (विषय: फरदड)

गाववाचनालय | कळंब तालुका, यवतमाळ

नमस्कार. गावच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या चौदा मुलामुलींचा निबंधाचा सराव सुरू आहे. विषय दिला आहे ‘फरदड: फायदा की तोटा?’ (फरदड म्हणजे वेचणी संपत आल्यावरही पाणी देऊन राखलेला कापूस), मर्यादा 600 शब्द. त्यातले दोन निबंध 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचे आणि तेच पुढे तालुक्याच्या स्पर्धेला पाठवायचे, असं ठरलं आहे.

माहितीची कमी नाही. कापूस प्रत्येकाच्या घरचा. पण वही उघडली की मुलं आधी प्रस्तावना, फायदे, तोटे, उपाय, उपसंहार अशी पाच खोकी आखतात आणि सापडेल ते त्यात भरतात. वाचून झाल्यावर ऐकणारा जे विचारतो, त्याचं उत्तर निबंधात कुठेच नसतं. ‘वाचकाचे प्रश्न आधी लक्षात घ्या’ असं सांगते, तर मुलं म्हणतात, ते आम्हाला कसे कळणार? आणि कळले तरी घालायचे कुठे? सगळे घातले तर निबंधाची प्रश्नोत्तराची वही होईल. कुणी वेळेसकट पद्धत सांगेल का?

पांदणवाट | अमरावती

ताई, नुसता ‘वाचक’ म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यासमोर कोणीच येत नाही, मग प्रश्न सुचतील कसे? आधी माणूस ठरवून द्या. नाव नको, पण वावर हवं. पाच एकर जमीन, त्यातल्या दोन एकराला विहिरीचं पाणी, एक बैलजोडी, चार शेळ्या. तीन वेचे झालेत आणि झाडावर अजून हिरवी बोंडं दिसताहेत. आता या माणसासमोर मुलाने आपलं म्हणणं ठेवायचं.

एक कोरा कागद घ्या, मधोमध उभी घडी. डावीकडे सगळ्यांत वर आपलं मुख्य वाक्य: ‘डिसेंबरनंतर कापूस उभा ठेवू नये.’ इथे ‘फरदडीचे फायदे-तोटे’ असं लिहू देऊ नका. तो मथळा झाला. मथळ्यावर कोणी भांडत नाही, त्यामुळे त्यातून प्रश्नही निघत नाही. समोरच्याने लगेच ‘काहून?’ विचारावं असं वाक्य पाहिजे.

मग दहा मिनिटं फक्त त्या माणसाचं बोलणं लिहायचं, त्याच्याच तोंडच्या शब्दांत. ‘शेतकऱ्यांच्या आर्थिक शंका’ असं कोणी लिहिलं तर खोडायला सांगा. तो असा बोलतो:

‘बोंडं तर दिसून राहिली झाडावर, उपटू कायले?’

‘शेवटच्या दोन वेच्यांत खताचा खर्च निघते, तो कोण देईन?’

‘बीटी आहे ना हे? मंग अळी लागते कशी?’ (बीटी म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेलं कापसाचं वाण)

‘बोंडावर तर अळी दिसतच नाही.’

‘पऱ्हाटी काढली तर चुलीले जळतन कुठून आणू?’ (पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं, जळतन म्हणजे सरपण)

‘मी काढली अन् धुऱ्यापलीकडच्यानं नाही काढली, तर?’ (धुरा म्हणजे बांध)

पंधरा प्रश्न झाल्याशिवाय थांबू नका. पहिले पाच-सहा सगळ्यांच्या कागदावर सारखेच येतात. खरे कामाचे त्यानंतर निघतात, म्हणून ती दहा मिनिटं पूर्ण द्यायची.

जळतनाचाच प्रश्न घ्या. तो पाचापैकी एकाही खोक्यात बसत नाही, म्हणून मुलं तो टाकून देतात. पण पऱ्हाटी उपटून घराजवळ किंवा धुऱ्यावर रचून ठेवतात ती जळतनासाठीच, आणि त्याच ढिगातल्या न उमललेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणजे ‘पऱ्हाटी काढा’ एवढंच लिहिलं तर अळी वावरातून घराच्या मागे आली, एवढंच झालं. या एका प्रश्नाने मुख्य वाक्य बदलतं: ‘डिसेंबरनंतर कापूस उभा ठेवू नये आणि पऱ्हाटी रचूनही ठेवू नये.’ आणि हा प्रश्न बहुतेक घरात बाई विचारते. ‘शेतकरी’ म्हटलं की मुलांना फक्त धोतर-टोपी दिसते, तेवढं सांभाळा.

घडीच्या उजव्या बाजूला प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर, तीन-चार शब्दांत. जळतनासमोर ‘तुराट्या (तुरीची वाळकी झाडं), त्यात ही अळी नसते’. माहीत नसेल तिथे कोणाला विचारायचं ते लिहा: कृषी सहायक, जिनिंगवाला, घरची आजी. उजवी बाजू अर्धी रिकामी असताना निबंधाला हात लावू देऊ नका. उत्तर नसलेल्या जागीच मुलं ‘काळाची गरज आहे’ लिहून मोकळी होतात.

काळीकसदार | वर्धा

पांदणवाट भाऊंची पद्धत बरोबर आहे. पण सगळ्यांत आधीचा प्रश्न यादीत नाही: ऐकणारा हे कधी ऐकणार?

26 जानेवारीला. फरदड ठेवायची की नाही, हे तर डिसेंबरातच ठरून जातं. ज्याने पऱ्हाटी काढली त्याला हा निबंध ऐकायची गरज उरली नाही. ज्याने ठेवली, त्याला महिन्यापूर्वी काय करायला पाहिजे होतं हे ऐकून काय मिळणार? त्याचा त्या दिवशीचा प्रश्न एकच आहे: ‘आता ठेवली, मंग पुढं काय?’ त्यामुळे जानेवारीच्या निबंधाचा जोर फायदा-तोट्यावर नको, ‘आजपासून जूनपर्यंत’ यावर हवा. उभं पीक आता तरी संपवा. शेळ्या-मेंढ्या, जनावरं वावरात सोडा, ती उरलेली हिरवी बोंडं खातात. (इथे लगेच पुढचा प्रश्न येतो: ‘फवारा मारला आहे, जनावर सोडू का?’ नाही, औषधाच्या डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत नाही. हे वाक्य निबंधात आलंच पाहिजे, त्यात जनावराच्या जिवाचा सवाल आहे.) मग पऱ्हाटीचा श्रेडरने (तुकडे करणाऱ्या यंत्राने) भुगा करा, उन्हाळ्यात खोल नांगरा, आणि पावसाआधीची पेरणी टाळा.

शेवटच्या मुद्द्यावरही ‘काहून?’ येणारच. कोषातून पतंग निघतात ते साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा मे महिन्यात लावलेल्या कापसाला पात्या (फुलांच्या कळ्या) धरलेल्या असतील तर त्यांना अंडी घालायला जागा मिळते. पात्या नसतील तर ते पतंग पुढची पिढी न वाढवताच मरतात. दोन वाक्यांत सांगून होतं, आणि कारण कळलं की तारीख लक्षात राहते.

शक्य असेल तर पुढच्या वर्षी हा विषय 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घ्या. तेव्हा निर्णय अजून शेतकऱ्याच्या हातात असतो.

आता मापाबद्दल. मुलं लिहितात, ‘कामगंध सापळे लावावेत.’ (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे.) ऐकणारा विचारतो: किती, कशासाठी, त्यात पाहू काय? निगराणीसाठी हेक्टरी पाच. पण गावात हेक्टर कोणी बोलत नाही. माहितीपत्रकात हेक्टर असतो आणि माणूस एकरावर विचार करतो, म्हणून निबंधात ‘एकरी दोन’ लिहा. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर उपायाची वेळ झाली. सापळा नसेल तर वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. दोनांत अळी निघाली म्हणजे 10 टक्के, तीच मर्यादा. हे आकडे ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या कामाचे आहेत. जानेवारीच्या निबंधात ते ‘पुढच्या हंगामात’ या शब्दांसहच आले पाहिजेत, नाहीतर कोणी आता सापळे आणायला जाईल.

बीटीच्या प्रश्नाचं उत्तर तारखांनी द्या. एका जनुकाच्या बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली 2002 मध्ये, दोन जनुकांचा आला 2006 मध्ये. अमेरिकन बोंडअळी त्याने आटोक्यात राहिली. गुलाबी अळीने मात्र दोन्ही जनुकांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आणि 2017 च्या हंगामात विदर्भात मोठं नुकसान केलं. ‘बोंडअळी’ एवढाच शब्द वापरला तर ऐकणारा म्हणेल, पहिली काही वर्षं तर लागत नव्हती. अळ्या दोन आहेत हे त्याला कळलं नाही तर तो पुढचं ऐकणार नाही.

एक जपून. यवतमाळच्या सभेत 2017 म्हटलं की लोकांना आधी फवारणीतली विषबाधा आठवते. त्या वर्षी जिल्ह्यात त्यात माणसं गेली. निबंध फक्त अळीबद्दल बोलत पुढे सरकला तर तो आठवण दाबून गेल्यासारखा वाटेल. एक वाक्य त्यासाठी ठेवा: पीक वेळेवर संपवलं की पुढच्या वर्षी अळीचा जोर कमी आणि फवारणीही कमी. मग पुढे जा.

गाववाचनालय

भाऊ, दोघांचेही आभार. तारखेचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता. एका मुलीचा परिच्छेद जसाच्या तसा देते:

‘फरदडीमुळे गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे शेतकऱ्यांचे प्रचंड आर्थिक नुकसान होते. यावर शासन व शेतकरी यांनी एकत्रितपणे उपाययोजना करणे ही काळाची गरज आहे.’

हिच्या घडीच्या कागदावर सतरा प्रश्न आलेत, सगळे चांगले. पण त्यातून असा परिच्छेद बदलायचा कसा, हे मला दाखवता येत नाही. प्रश्न तसेच्या तसे लिहिले तर भाषण वाटतं.

शब्दमाप | नागपूर

परिच्छेद मोठ्याने वाचा आणि प्रत्येक पूर्णविरामाला थांबा. तिथे ऐकणारा तोंड उघडतो. पहिल्या वाक्यानंतर तो म्हणतो, ‘कसा वाढते?’ दुसरं वाक्य त्याला उत्तर देत नाही, पैशांकडे उडी मारतं. दुसऱ्यानंतर तो म्हणतो, ‘कोणाचं नुकसान? मले तर दोन वेचे जास्त मिळाले.’ तिसरं वाक्य शासनाकडे जातं. तिसऱ्यानंतर तो विचारेल, ‘म्हणजे उद्या सकाळी मी करू काय?’, पण तोवर परिच्छेद संपला. वाक्यांत चूक नाही. ती त्याच्या प्रश्नांच्या रांगेत उभी नाहीत, एवढंच.

क्रम महत्त्वाप्रमाणे लावू नका. प्रश्न ज्या क्रमाने उठतात तोच क्रम ठेवा. एक उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जन्म देतं: उपटा, मग जळतन, तुराट्या, मग ज्याने तूर पेरलीच नाही त्याचं काय? तिच्या सतरा प्रश्नांना आकडे द्यायला सांगा, कोणामागे कोण येतो. मग ‘कसा वाढते?’, ‘दिसत का नाही?’ आणि ‘मग मला कधी भोवते?’ हे तीन घेऊन असं लिहिता येतं:

‘झाडावर उरलेली हिरवी बोंडे पुढच्या वेच्याचा कापूस वाटतात. त्यातली वीस तोडून फोडून पाहा. अळी बाहेरून दिसत नाही, कारण अंड्यातून निघताच ती बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. आत ती सरकी खाते. विहिरीचे पाणी मिळत राहिले की झाड नव्या पात्या धरते आणि अळीला खाणे पुरत राहते. पीक संपले की शेवटच्या पिढीची अळी न उमललेल्या बोंडातच निपचित पडून राहते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग होऊन निघते. जानेवारीत राखलेल्या झाडाचा हिशोब असा पुढच्या कापसात द्यावा लागतो.’

यात एकही प्रश्नचिन्ह नाही, तरी तिन्ही उत्तरं आली. प्रश्न कागदावर राहतो, निबंधात उत्तर जातं. म्हणून प्रश्नोत्तराची वही होत नाही.

एकच प्रश्न उघडा ठेवा, जो माणूस सोडणार नाही तो: शेवटच्या दोन वेच्यांचे पैसे. तो त्याच्याच शब्दांत, पूर्ण ताकदीने मांडा. ‘काही शेतकऱ्यांचा असा गैरसमज असतो’ अशी सुरुवात केली की समोरचा दुखावतो आणि पुढचं ऐकत नाही. त्याचा गैरसमज नाहीच, त्या वेच्यांचे पैसे खरोखर हातात येतात. तेव्हा आधी मान्य करा: हो, पैसे येतात आणि ते कोणी भरून देणार नाही. मग हिशोब मांडा. अळीने सरकी खाल्ल्यावर वजन घटतं, कवडी (नीट न उमललेल्या) आणि डागी कापसाला भाव कमी, झाडामागे बोंडं कमी म्हणून एक किलो वेचायला मजुराला वेळ जास्त, वर पाणी आणि फवारणी. आकडे छापील नकोत. मुलांनी घरच्या वहीतून पहिल्या वेच्याचे आणि शेवटच्या वेच्याचे घ्यावेत: किती किलो, वेचाई किलोला किती दिली, भाव काय मिळाला. दोन ओळी शेजारी ठेवल्या की सभेत प्रत्येकजण स्वतःच्या वावराचा हिशोब मनात करू लागतो. एखाद्या घरी आकडे उलटे निघाले, फायदा दिसला, तर तेही लपवू नये. तिथे पुढच्या वर्षीचा फवारणीचा खर्च जोडून पाहा.

600 शब्दांत चार प्रश्न मावतात, फार तर पाच. पैशांच्या प्रश्नाला 180 शब्द द्या, अळीच्या जगण्याला 120, जळतन आणि पऱ्हाटीला 100, आज काय करायचं त्याला 120. उरलेल्या 80 शब्दांत सुरुवात आणि शेवट. बाकीचे तेरा खोडा. ज्याचं उत्तर ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे तो आधी कटतो. ‘कापसाला पांढरे सोने म्हणतात’ हे यवतमाळात कोणीच विचारलेलं नाही.

सरोवरकाठ | लोणार, बुलढाणा

शब्दमाप भाऊ, एका जागी थोडा फरक करतो. गावाला ठाऊक असलेलं सगळं खोडलं तर तालुक्याच्या परीक्षकाचं काय? तो कदाचित कापसाच्या घरचा नसेल. ‘फरदड’ शब्दालाच अडेल.

आमच्याकडे लोणार सरोवरावरच्या निबंधांत हेच होतं. गावातल्या वाचकाचा प्रश्न असतो, ‘पर्यटक येतात, आम्हाला त्यातून काय?’ बाहेरच्याचा असतो, ‘हे विवर उल्केने झालं कशावरून, ज्वालामुखीने का नाही?’ 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तिसरा आला: ‘प्रदूषण आहे का?’ (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे झालं होतं.) तिघांना एकाच निबंधात समान जागा दिली की तो कोणाचाच राहत नाही. मुख्य वाचक एक ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी अर्ध्या वाक्याची सोय करायची. उदाहरणार्थ, ‘बेसॉल्ट खडकातल्या या विवरात मॅस्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ सापडतो, जो प्रचंड धक्क्यानेच तयार होतो.’ बाहेरच्याला पुरावा मिळाला, गावकऱ्याचा वेळ गेला नाही.

तुमच्या निबंधात पहिल्यांदा शब्द येईल तिथे एवढंच: ‘फरदड, म्हणजे वेचणी संपत आल्यावरही पाणी देऊन राखलेला कापूस’. पऱ्हाटी, कवडी, पाती यांनाही असंच दोन-तीन शब्दांचं शेपूट, एकदाच. सभेत वाचताना ते शेपूट गाळायचं, स्पर्धेच्या प्रतीत ठेवायचं. पेन्सिलीने कंस करून ठेवला की वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.

पांदणवाट | अमरावती

सरोवरकाठ भाऊंचं पटलं. वेळेचं राहिलं होतं. पहिल्या खेपेला घडीच्या कागदाला 10 मिनिटं, क्रम लावायला 5, खोडायला 5. उत्तरं शोधायला दोन-तीन दिवस. मग लिहायला एक तास. नंतर जोडी लावा: एकाने वाचायचं, दुसऱ्याने तो पाच एकरवाला होऊन प्रत्येक पूर्णविरामाला ‘काहून?’, ‘मंग?’, ‘कशावरून?’ यांपैकी जे खरंच मनात येईल तेच म्हणायचं. काही आलं नाही तर गप्प. जिथे दुसरा सलग चार वाक्यं गप्प राहिला तिथेही खूण करा. बहुतेक वेळा तिथे त्याला माहीत असलेलंच सांगितलं जात असतं.

पुढे कोणी केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला बसणार असेल तर तिथे 3 तासांत दोन निबंध, प्रत्येकी 1000 ते 1200 शब्द. एका निबंधाच्या 90 मिनिटांतली 15 मिनिटं याच घडीला द्यायची. तिथे विषय अमूर्त असला तर पाच एकरवाला चालत नाही. मग तीन माणसं बसवा: विधान मानणारा, न मानणारा, आणि ज्याच्या अंगावर त्याचा परिणाम येतो तो. तिसरा सगळ्यांत चांगले प्रश्न देतो.

गाववाचनालय

सगळं फळ्यावर उतरवून घेतलं. एक अडलं. ‘मी काढली अन् धुऱ्यापलीकडच्यानं नाही काढली, तर?’ हा प्रश्न चौदांपैकी अकरा कागदांवर आला आणि उजवी बाजू अकराही ठिकाणी कोरी आहे. कृषी सहायकांनीही सांगितलं की पतंग उडून येतातच. उत्तर नसेल तर हा प्रश्न खोडायचा का?

काळीकसदार | वर्धा

ताई, हाच खोडू नका. एकट्या शेतकऱ्याकडे याचं उत्तर नाही, कारण पतंग धुरा पाहून थांबत नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी एकाच सुमारास पीक संपवलं तरच उपयोग. आणि हा निबंध वाचला जाणार तो ग्रामसभेत, जिथे ते सगळे एका जागी बसलेले असतील. म्हणून हा प्रश्न शेवटच्या परिच्छेदात घ्या, उपसंहाराच्या जागी. मुलीने स्पष्ट लिहावं की याचं उत्तर मला एकटीला देता येत नाही, सभेला देता येतं. आणि मग मागणी, अगदी मोजकी: या वर्षी उभी असलेली पऱ्हाटी काढायची एक तारीख आज ठरवा, आणि श्रेडर भाड्याने आणायचा तर कोणत्या शिवारापासून सुरुवात करायची तेही ठरवा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख निबंधातच लिहून टाका. सभेला ती बदलायची असेल तर सभा बदलेल.